फाटक्या चटईचा नातलग

गाडीनं मान टाकायला बॉम्बे नावाच्या इथल्या टेकड्यांचा चढ निवडला. आधी बॉनेटमधून वाफ आली, मग जळक्या रबराचा वास, मग एक लांबलचक उसासा… आणि इंजिन बंद. मागचे ट्रक भोंगे वाजवत अगदी अंगाला घासून गेले. कशीबशी मी गाडी मोटरवेच्या कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिले. रडावंसं वाटत होतं, पण त्राण नव्हतं. आठवडाभर रडूनच झालं होतं.

फेआओकाका गेले होते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. टोकोरोआच्या लाकडाच्या गिरणीत उभा जन्म राबले आणि तिथल्याच मातीत गेले. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. आणि मी भावाची मुलगी, म्हणजे मयताच्या घरी चुलीपाशीची. आम्हा बेटांवरच्या टोंगन माणसांत हे कुणी सांगावं लागत नाही. मेलेल्याची बहीण मानाच्या जागी बसते, सगळे तिच्यापुढं वाकतात. आणि त्याची मुलं, पुतणे, पुतण्या कमरेला मोठी जुनी फाटकी चटई गुंडाळून मागच्या अंगणात राबतात. मी अळकुड्या सोलल्या, पातेली घासली, पुन्हा अळकुड्या सोलल्या. "मान लुसेआने आत्याला, घाण या लेसिएलीला," असं एकदा पुटपुटले तर आत्यानं असा चिमटा काढला की अजून दंडावर निळा डाग आहे.

ती चटई अजून कमरेला होतीच. दहावा दिवस होईपर्यंत काढायची नसते. तिच्यासकट गाडी चालवायची म्हणजे पोटाशी दरवाजा बांधून बसायचं.

मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई अगदी ताजीतवानी होती. म्हणाली, "गाडीत बसू नका हं. मागून कुणी ठोकलं तर चेंदामेंदा होईल. कठड्याच्या पलीकडं जाऊन थांबा."

"पाऊस पडतोय."

"हो, इथंही पडतोय," ती म्हणाली.

मग काय, खाण्याची पेटी उचलली आणि कठड्यापाशी गेले. पाय वर टाकला तर चटई आडवी आली.

"जपून," अंधारातून एक पुरुषी आवाज आला. "त्या बाजूला चिखल आहे. मी आत्ताच आपटलोय."

मी पाय खाली घेतला आणि डोळे ताणले. मग दिसलं. थोडं पुढं एक पिकअप उभी होती, दिवे नाहीत, काही नाही. आणि कठड्याच्या पलीकडं, उतारावरच्या गवतात, डोक्यावर ताडपत्री घेऊन एक माणूस बसला होता.

"तुमचीही बंद पडली?" मी विचारलं.

"नाही, मला पावसात बसायला आवडतं." तो सरकला. "टोइंगवाला येतोय. पण नंबर माझा आहे, आधीच सांगतो. तुम्ही मागं उभ्या राहा."

इतकी दमलेली नसते तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. तेवढ्यात एक ट्रक चढ चढत आला आणि त्याच्या उजेडात मला तो नीट दिसला. काळा शर्ट. रुंद खांदे. आणि कमरेला… छातीपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, कडा झिजलेली, फाटकी चटई. माझ्यासारखीच.

मी त्याला ओळखलं. मागच्या अंगणात, जमिनीतल्या भट्टीपाशी डुकरं भाजणारा तो. धुरात उभा असायचा, डोळे लाल करून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्याला बघितलं होतं… खरं सांगायचं तर पुष्कळदा बघितलं होतं. शेवटी भांडी घासता घासता एका चुलत बहिणीला विचारलं, हा कोण गं? ती म्हणाली, "तो होय? फेआओकाकांचा पोरगा. त्यांनी घरात नव्हता का घेतलेला?" त्यानंतर मी खिडकीतून बघणं बंद केलं. म्हणजे, करायचा प्रयत्न केला.

काकांचा मुलगा म्हणजे माझा भाऊ. चुलत वगैरे आमच्यात नसतंच, भाऊ तो भाऊ, पोटचा असो की घेतलेला. आणि वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत एकटे बसत नाहीत. एकमेकांची थट्टा करत नाहीत. टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेतला तर भाऊ मुकाट्यानं उठून बाहेर जातो. एका ताडपत्रीखाली बसणं तर लांबच राहिलं.

तरी पहिल्यांदा बरंच वाटलं. रात्री रस्त्याच्या कडेला एकटी बाई, आणि भेटला कोण, तर भाऊ. देव पावला म्हणायचं. मी कठडा ओलांडला आणि त्याच्यापासून बरीच लांब, पावसात, रीतीनं उभी राहिले.

"तिथं का भिजताय?" तो म्हणाला. "ताडपत्री मोठी आहे. डुकरं झाकायची आहे, तेव्हा वास येईल, पण कोरडी आहे."

"मी इथं बरी आहे."

"बऱ्या दिसत नाही."

"अंधारात तुला काय दिसतंय?"

"दिसत नाही. दात वाजतायत ते ऐकू येतंय."

दात वाजत होते हे खरंच. मी पेटी मध्ये ठेवली, पेटीच्या अलीकडं बसले आणि ताडपत्रीचं टोक डोक्यावर ओढलं. "तोंड तिकडं कर," मी म्हटलं.

"का?"

"कर म्हटलं ना."

त्यानं निमूट तोंड रस्त्याकडं केलं. गाड्या पाण्याचे फवारे उडवत जात होत्या. कुणी थांबत नव्हतं, आणि थांबायचंही नसतं मोटरवेवर. माझे पाय ठणकत होते, सकाळी वृद्धाश्रमात माझी ड्यूटी होती, केसांना धुराचा वास येत होता. इतकी थकले होते की थकव्याचीही शुद्ध नव्हती.

"मी केलेपी," तो रस्त्याकडं बघतच म्हणाला.

"माहितीय. मी लेसिएली."

"मलाही माहितीय." थोडं थांबून म्हणाला, "त्या पेटीत काय आहे?"

पेटीत उरलेलं लू होतं, अळूच्या पानांत बांधून भाजलेलं खारं मांस, आणि गार अळकुड्या. निघताना घरी न्यायला पुडकी करून देतातच. अळकुड्यांकडं बघवत नव्हतं, पण भुकेपुढं कुणाचं चाललंय? आम्ही बोटांनी खाल्लं. गार लू चिवट लागतं. त्यानं माझ्यासाठी चरबीचा भाग बाजूला काढून ठेवला आणि काही बोलला नाही.

"गाडीचं काय झालं तुझ्या?" मी विचारलं. नुसतं खाणंही बरं दिसेना.

"बॅटरी मेली. आणि हसू नका, मी गिरणीत मशिनं दुरुस्त करतो."

मी हसले नाही. हसायला लागते काय, असं वाटलं फक्त.

"मागं सगळी मोठी पातेली आहेत," तो म्हणाला. "लुसेआने आत्याच्या मांगेरेच्या घरी पोचवायची आहेत. प्रत्येक खड्ड्याला असा आवाज की वाटावं काकांचा बँडच निघालाय."

काकांचं नाव निघालं आणि मग तो बोलत सुटला. काकांनी त्याला भाडेकरू म्हणून ठेवलं तेव्हा त्याच्याकडं एक पिशवी होती आणि गिरणीतली नवी नोकरी. पहिल्या महिन्याचं भाडं द्यायला गेला तर काकांनी पैसे परत केले आणि हातात चर्चच्या बँडमधला भला मोठा भोंगा दिला. म्हणाले, भाडं नको, हे वाजवायला शीक. "मी वाजवायला लागलो की शेजारची कुत्री रडायची," केलेपी म्हणाला. "काका म्हणायचे, बघ, कुत्रीला तरी सूर कळतोय, तुला कधी कळणार?"

मी हसले. आठवड्यात पहिल्यांदा. हसता हसता घास अडकला, ठसका लागला, त्यानं पाण्याची बाटली पुढं केली… आणि मी बाटली घेताना त्याच्या हाताकडं बघत राहिले. भट्टीच्या दगडांनी भाजलेली बोटं. नखांत अजून राख.

भावाच्या बोलण्यावर माणूस हसतं. पण हसून झाल्यावर त्याच्या हातांकडं बघत नाही. मला ते कळलं आणि मी अंग चोरून बसले.

"एक विचारू?" तो म्हणाला. तोंड अजून रस्त्याकडंच होतं बिचाऱ्याचं. "तू दर खेपेला भांड्यांचं घाण पाणी माझ्याच बाजूला का ओतायचीस? पलीकडं गटार होतं की."

"पाणी कुठंही ओतलं तरी पाणीच."

"मी म्हटलं, ही बाई एक तर माझ्यावर चिडलीय, नाहीतर…"

"नाहीतर काय?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"नाहीतर मला बघायला निमित्त काढतेय. कारण मीही काढत होतो. भट्टीत लाकडं इतकी घातली की दोन डुकरं करपली."

"असं बोलू नकोस."

"का? लग्न ठरलंय कुठं?"

"केलेपी, गप्प बस."

"नाही ठरलं ना? मग…"

"तू माझा भाऊ आहेस," मी म्हटलं.

एक मोठा कंटेनर गेला. ताडपत्री फडफडली. केलेपीनं पहिल्यांदाच तोंड वळवून माझ्याकडं बघितलं.

"मी? कधीपासून?"

"तुझी चटई."

त्यानं खाली कमरेकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा चटईकडं. "ही?" तो म्हणाला. "ही… राख उडू नये म्हणून नाही?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता.

मग त्यानं सांगितलं. मयताच्या पहिल्या सकाळी तो काळा शर्ट घालून मागच्या दाराशी नुसता उभा होता. आत जावं की नाही, कुणाला भेटावं, काय म्हणावं, काही कळत नव्हतं. लुसेआने आत्या बाहेर आली. त्याला वरून खाली न्याहाळलं. "पोरा, भट्टीपाशी उभा राहा," म्हणाली आणि कुठून तरी ही चटई आणून त्याच्या कमरेला गुंडाळली, दोरीनं अशी आवळली की त्याचा श्वास अडला. त्याला वाटलं, कामाच्या माणसाला देतात तशी दिली असेल.

"तुला कुणी शिकवलं नाही?" मी विचारलं.

"कोण शिकवणार? बापाला मी बघितलेलं नाही. आई मला क्राइस्टचर्चला सोडून गेली. एका घरातून दुसऱ्या घरात, सगळी गोरी माणसं, चांगली होती, पण…" त्यानं खांदे उडवले. "नाव तेवढं टोंगन. बाकी सगळं सरकारनं दिलेलं."

मी त्याला सांगितलं. हळूहळू सांगितलं, कारण सांगताना मलाच ते नको होतं. चटई जितकी मोठी आणि फाटकी, तितका माणूस मेलेल्याच्या पायाशी जवळचा. परक्याला कुणी ती बांधत नाही. अशी, छातीपर्यंत, झिजलेली, तर नाहीच. ती मुलाची असते.

तो चटईची सुटलेली एक पट्टी बोटांत धरून बसला.

"म्हणजे सगळ्या लोकांपुढं," तो म्हणाला, "त्यांनी मला त्यांच्या मुलाच्या जागी उभं केलं?"

"हो."

"आणि सगळ्यांनी बघितलं?"

"सगळ्यांनी."

त्यानं पाठ फिरवून चेहरा पुसला. पाऊस पुसायला माणूस पाठ फिरवत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या काकांना मुलगा मिळाला, एका पोरक्या माणसाला घर मिळालं. पण तो होईना. इतक्या वर्षांत आईनं दाखवलेली स्थळं, चर्चमधल्या बायकांनी आणलेली स्थळं, कुणाच्या भाजलेल्या बोटांकडं मी असं बघितलं नव्हतं. मला भाऊ भरपूर आहेत. मला हा भाऊ नको होता.

तेवढ्यात फोन वाजला. बोटं तेलकट होती, मी तो स्पीकरवर टाकला. लुसेआने आत्या. ती चर्चच्या बसनं दुपारीच मांगेरेला पोचली होती.

"कुठं मेलीस?" आत्या म्हणाली. "आणि माझी पातेली कुठं राहिली?"

"पातेली माझ्याजवळ आहेत, आत्या," केलेपी म्हणाला.

मग आत्याचा आवाज बदलून आला. "केलेपी? तू तिच्याबरोबर काय करतोयस?"

"दोघांच्याही गाड्या बंद पडल्या," मी घाईनं म्हटलं. "लांब बसलोय. आत्या… एक विचारायचं होतं. तू त्याला चटई बांधलीस ती… काम होतं म्हणून बांधलीस का? म्हणजे, माणूस कमी होता म्हणून?"

"का विचारतेस?"

मी काहीच बोलले नाही. पण आत्यापुढं गप्प बसणं म्हणजे सगळं सांगून टाकणंच.

"अगं बाई," ती सावकाश म्हणाली. "तरीच भांड्याचं पाणी सारखं त्या बाजूला. मला वाटलं, आळशी आहे, गटारापर्यंत चालवत नाही."

केलेपीनं ताडपत्रीत तोंड लपवलं.

"ऐका दोघंही," आत्या म्हणाली. "फेआओनं ना कधी कागद केला, ना चर्चमध्ये नाव घातलं. पण दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, पोरगं माझं आहे, भट्टी त्याच्या हातात दे. म्हणून मी बांधली. माझ्या हातनं चूक होत नाही."

"मग झालंच," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"झालंच असं नाही. मी बांधली, मी सोडू शकते. दहाव्या दिवसाच्या आत. पण एकदा सोडली की हा आमचा कुणी नाही. पुढच्या मयताला भट्टीपाशी नाही, काकांच्या थडग्यावर मुलाच्या हातचं फूल नाही. आज मुलगा आणि उद्या जावई, असला पोरखेळ मी चालू देणार नाही. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"आत्या, सोडू नकोस," मी म्हटलं. "मी नुसतं विचारलं. दमलेय म्हणून काहीतरी बोलतेय. त्याला काकांचा मुलगा राहू दे."

"तुला कुणी विचारलं?" आत्या म्हणाली. "पोरा, तू सकाळी पातेली घेऊन ये. चटई ठेवायची असेल तर मागच्या दारानं ये, घरच्यासारखा, आणि हिच्याकडं पुन्हा मान वर करून बघायचं नाही. सोडायची असेल तर पुढच्या दारावर ये, परक्यासारखा. आणि त्या वेळी मला आत्या म्हणायचं नाही."

फोन बंद झाला. आम्ही दोघं रस्त्याकडं तोंड करून बसलो. एवढं होऊनसुद्धा मला जांभई आली, आणि माझी बघून त्यालाही.

टोइंगचा ट्रक नारिंगी दिवे फिरवत आला. चालक हेनारे नावाचा धिप्पाड माओरी म्हातारा होता. त्यानं पिकअप ट्रकच्या पाठीवर घेतली, माझी गाडी शेपटाला लावली आणि पुढं तिघांना दाटीवाटीनं बसवलं. पातेली मागं खणखणत होती.

"नवराबायको?" हेनारेनं गिअर टाकत विचारलं.

मी मांडीवरची पेटी सरळ केली.

"बहीणभाऊ?"

"अजून ठरायचंय," केलेपी म्हणाला.

हेनारेनं आमच्या चटयांकडं एकदा बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा रेडिओ लावला.

मी मध्ये होते. खांद्याला खांदा लागत होता, आणि मी तो काढून घेत नव्हते. घ्यायला हवा होता, पण जीव इतका शिणला होता की रीतभात सांभाळायला काही शिल्लकच नव्हतं. टेकड्या उतरून शहराचे दिवे लागले तेव्हा मी अगदी हळू म्हटलं, "चटई सोडू नकोस. माणूस कुठंही भेटतो रे. घर नाही मिळत."

"हे तू मला सांगतेस?"

"तुला तरी ते माहीत असायला हवं."

"माहितीय," तो म्हणाला. "आता तुला काय हवंय ते सांग. मला काय हवं असायला पाहिजे, ते नको."

मी काचेवरच्या वायपरकडं बघत राहिले. खोटं बोलायलासुद्धा ताकद लागते.

"मला तू भाऊ नको आहेस," मी म्हटलं. "आणि त्यासाठी तुझं घर जायला नको आहे. दोन्ही खरं आहे. आता पुढं काही विचारू नकोस."

त्यानं विचारलं नाही. मुक्काम आत्याकडंच होता; तिच्या घरापुढं मी उतरले तेव्हा त्यानं पेटी हातात दिली, तीही बोटाला बोट लागणार नाही अशी. भाऊ देतो तशी. ट्रक वळून गेला आणि मला वाटलं, ठरलं याचं.

सकाळी वृद्धाश्रमात कळवलं की येत नाही. आत्या पुढच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसली होती, काळ्या कपड्यात, न्यायाधीशासारखी. डोळे सुजलेले. ती झोपली नसावी, मी तर नव्हतेच. मी स्वयंपाकघरात केटली लावली आणि मागच्या दाराकडं बघत उभी राहिले. ते दार कधी इतकं वाईट दिसलं नव्हतं.

रस्त्यावर गाडीचं दार आपटलं. मग पातेल्यांचा खणखणाट. घराच्या कडेच्या वाटेनं तो आवाज जवळ येत गेला, जवळ, आणखी जवळ, मागच्या दाराच्या दिशेनं. मी ओट्याची कड घट्ट धरली. माझ्या मनाला मी रात्रभर समजावलं होतं की हेच बरं, हेच त्याच्या हिताचं. मनानं काडीचं ऐकलं नव्हतं.

आवाज मागच्या दाराशी थांबला. पातेली पायरीवर ठेवल्याचं ऐकू आलं, एकात एक, जपून. मग काहीच नाही. दार वाजेना. मी खिडकीतून वाकून बघितलं. केलेपी पायरीपुढं उभा होता आणि कमरेची दोरी सोडत होता. गाठ ओली होऊन आवळली होती, भाजलेल्या बोटांनी सुटत नव्हती. मला धावत जावंसं वाटलं, पण ते माझं काम नव्हतं. शेवटी सुटली. त्यानं चटई झटकली, नीट गुंडाळली, पातेल्यांवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. नुसत्या काळ्या शर्टात तो एकदम बारीक दिसत होता. मग वळला, आल्या वाटेनं परत गेला, घराला वळसा घालून पुढं गेला आणि पुढच्या दारावर टकटक केली.

"कोण?" आत्या जागेवरूनच म्हणाली. दार उघडंच होतं, तिला तो दिसतच होता.

"केलेपी."

"कुणाचा?"

मी मधल्या दारात येऊन थांबले. तो उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून बसला होता, मान खाली.

"कुणाचाच नाही… बाई," तो म्हणाला. त्या शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला. "काकांचा मुलगा व्हायला मला आठवडा मिळाला. पुष्कळ झाला. मी लेसिएलीला मागायला आलोय."

आत्याचा चेहरा हलला नाही, पण डोळे भरून आले. काल तिनं भाऊ पुरला होता आणि आज त्याचा मुलगा दारात तिला बाई म्हणत होता. तरी रीत ती रीत. मागणी घालायला कुणी एकटा येत नाही. त्याचा बाप येतो, काका येतात, मंडळी येतात, आणि ती त्याच्या वतीनं बोलतात. तो स्वतः तोंड उघडत नाही.

"बोलायला माणसं कुठं आहेत तुझी?" आत्या म्हणाली. दुष्टपणानं नाही, पण विचारणं भाग होतं. "तुझ्या बाजूनं कोण बोलणार?"

केलेपीनं मागं वळून रस्त्याकडं बघितलं. त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस तिथं नव्हतं. ते त्याच्याकडं जन्मापासून नव्हतं. रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत होती, होत नव्हती.

माझे पाय आठवडाभर दुखत होते. तरी मी खोली ओलांडली, आत्याच्या समोरून वाकून गेले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि त्याच्या शेजारी, गार सिमेंटवर, गुडघे टेकून बसले. घराकडं तोंड करून. परक्यांच्या बाजूला.

"याच्या बाजूनं मी बोलते, आत्या," मी म्हटलं.

आत्यानं आम्हा दोघांकडं बघितलं. मग तिनं तळहातानं डोळे पुसले आणि पाठ ताठ केली.

"बोल मग," ती म्हणाली. "ऐकतेय मी."